जेसीबी लावायच्या आधी लेव्हल घ्या (रॉयल्टीच्या वादाची तयारी)

बांधकामासाठी प्लॉट खोदला की निघालेल्या माती-मुरुमावर महसूल खातं रॉयल्टी (सरकारला द्यायचं शुल्क) मागतं, त्या वादाची ही तयारी. सातबारा, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी हे असतंच, पुढे जाऊ.

पहिलं काम लेव्हल, म्हणजे जमिनीची जागोजागची उंची मोजणं. जेसीबी प्लॉटवर यायच्या आधी सर्वेअर बोलवा, मूळ जमिनीच्या लेव्हल घेऊन तारखेसकट सहीशिक्क्याचा नकाशा करून घ्या. मी हे केलं नाही. बेसमेंटसाठी खोदलं, निघालेला सगळा मुरूम मागच्या सखल कोपऱ्यात आणि प्लिंथमध्ये (जोत्यात) भरला, एक डंपर गेटबाहेर गेला नाही, तरी महसूलच्या पंचनाम्यात खड्ड्याची लांबी रुंदी खोली गुणून तेवढे ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) बाहेर नेले असं धरलं आणि दंडासकट नोटीस आली. कोपरा आधी सखल होता हे दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता, कारण लेव्हलच घेतलेली नव्हती.

लोक सांगतात की सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा पुण्याच्या बिल्डर असोसिएशनचा निकाल आहे, काही होत नाही. निकाल आहे, बरोबर आहे. २०१५ ला राज्याच्या गौण खनिज (माती, मुरूम, वाळू वगैरे) नियमांतही आलं की त्याच प्लॉटवर वापरलेल्या मातीवर रॉयल्टी नाही. पण माती कुठे आणि कशासाठी वापरली हेच त्यात बघतात, आणि ते तोंडी सांगून चालत नाही. म्हणून खोदण्याआधीची लेव्हल, खोदल्यावरची लेव्हल, भराव झाल्यावरची लेव्हल, तीनही. पहिली घ्यायची राहिली तर उरलेल्या दोघींचा उपयोग नाही, भराव झाल्यावर ती परत घेता येत नाही!

फोटो रोज, तारीख आणि लोकेशन येईल असे. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ढिगाचे ब्रास आणि खड्ड्याचे ब्रास जुळणार नाहीत, हिशोब खड्ड्याचाच ठेवा.

थोडी जरी माती बाहेर जाणार असेल तर आधी परवानगी, रॉयल्टी भरल्याचं चलन, प्रत्येक गाडीला वाहतूक पास. कॉन्ट्रॅक्टर "मी बघतो" म्हणेल, ऐकू नका, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) चा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत आहे आणि नोटीस जमीनमालकाच्या नावावर येते.

पंचनाम्याला स्वतः हजर राहा, न वाचता सही नको, लेव्हलचा नकाशा तिथेच द्या आणि पोच घ्या. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) ६० दिवसांत अपील, सोबत स्थगितीचा अर्ज. बाकी वकील सांगतील, फक्त ते पहिल्यांदा लेव्हलचा नकाशा मागतील.