जोडीदार गेल्यावर प्रार्थना सुचत नाही तेव्हा

लांब प्रार्थनेचा हट्ट धरू नका. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. सुरुवात ‘परमेश्वरा, कुठवर?’ अशा तक्रारीने होते आणि शेवट भरवशाने. तो शेवट आज मनापासून म्हणता येत नसेल तर दुसऱ्या वचनाशी थांबा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाजवळ रागावून बोलणं हा अविश्वास नव्हे.

वेळ ठरवून घ्या: रोज दहा मिनिटं, शक्यतो दोघं मिळून प्रार्थना करायचात ती वेळ सोडून. त्या वेळेची पोकळी सुरुवातीला सोसवत नाही.

‘विश्वास आहे ना, मग रडता कशाला?’ असं कोणी म्हणेल. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय उघडा. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात शोक करू नका असं सांगितलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच सांगितलं. ही आशा पुनरुत्थानाची आहे, दुःख लवकर ओसरेल याची नव्हे.

उपासनेत नेहमीच्या बाकावर बसवत नसेल तर मागे, दाराजवळ बसा. गीत म्हणवत नसेल तर नुसतं ऐका. मंडळी तुमच्या वतीने गाते. पाळकांकडे नेमकी मदत मागा: ‘लग्नाच्या वाढदिवशी घरी येऊन प्रार्थना कराल का?’

जगूच नये असं वाटू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि जवळच्या माणसाला सांगा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या.