सॉफ्टवेअरचे जुने रिलीज जपून ठेवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय. मिररलाच (मूळ सर्व्हरची हुबेहूब नक्कल) अर्काइव्ह (कायम जपायचा साठा) समजणं! एका प्रोजेक्टचे जुने टारबॉल (सोर्स कोड एकत्र बांधलेल्या फाइल) मी रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) आरसिंकने (फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) खेचायचो, त्यात --डिलीट (मुळात नसलेलं इकडूनही काढणारा पर्याय) लावलेलं, आणि सगळं कसं आपोआप चाललंय म्हणून निवांत होतो. मग एक दिवस मूळ सर्व्हरवरची १.x ची सगळी फोल्डरं उडाली आणि त्याच रात्री माझ्या आरसिंकनेही इमानेइतबारे ती माझ्याकडनं उडवली. लक्षात आलं तीन महिन्यांनी.

तर जपायच्या कॉपीला --डिलीट लावूच नका. मिरर हुबेहूब ठेवायचाच असेल तर --मॅक्स-डिलीट=५० असं काहीतरी द्या, त्यापेक्षा जास्त फाइल जायला लागल्या की आरसिंक पुढचं डिलीट थांबवतो आणि एक्झिट कोड (संपताना निकाल सांगणारा आकडा) २५ देतो, तो पकडून स्वतःला मेल पाठवा.

दुसरी चूक, 'गिट क्लोन --मिरर केलंय ना, झालं की!' नाही झालं. गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारी सिस्टिम, या कमांडने तिच्यातले ब्रांच आणि टॅग येतात, पण रिलीजला जोडलेल्या फाइल, एलएफएसचा (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवायची सोय) डेटा, सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रोजेक्ट) यातलं काही येत नाही. शिवाय टारबॉल आणि गिट एकच असतील असंही नाही, २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मधलं बॅकडोर (लपवलेली चोरवाट) चालू करणारी बिल्ड-टू-होस्ट.एम४ फाइल फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. म्हणून दोन्ही ठेवा. (ती दोन व्हर्जनं ठेवलीत तर वेगळ्या फोल्डरात, कोणी चुकून इन्स्टॉल करायला नको.)

चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) अचानक जुळेना झाला तर लगेच हॅक झालं म्हणून ओरडू नका. जानेवारी २०२३ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे चेकसम बदलले आणि भरपूर लोकांचे बिल्ड पडले, आतला कोड तोच, फक्त जीझिप करणारा (फाइल आवळून लहान करणारा) प्रोग्राम बदललेला. गिटहबने तो बदल मागे घेतला. तरी अशा वेळी उघडून आतल्या टारची तुलना करा, आणि मुळात पहिल्यांदा उतरवलेली फाइलच जपा, लागेल तेव्हा परत बनवून घेऊ असं म्हणू नका.

रिलीजची डिजिटल सही ठेवली आणि ती तपासायची पब्लिक की नाही ठेवली तर त्या सहीचा काय उपयोग? दोन्ही शेजारी ठेवा. कीची मुदत संपलेली दिसली तरी घाबरू नका, मुदतीत केलेली सही नंतरही तपासता येते.

'कुठेतरी असेलच' यावर तर अजिबात विसंबू नका. कोड ठेवायच्या साइटच बघा, जिटोरियस २०१५ ला बंद झालं, गूगल कोड २०१६ ला, आणि बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलच्या (गिटसारखीच सिस्टिम) रेपॉझिटरी काढूनच टाकल्या. सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोडच्या संग्रहाला लिंक द्या, पण तिकडे सोर्स जपतात, तुमच्या आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) आणि इन्स्टॉलरची सोय तुम्हालाच बघायला लागेल.

आणि डेबियन या लिनक्सच्या स्नॅपशॉटवरून (जुन्या पॅकेजांचा साठा) जुनं काही घेताना 'रिलीज फाइल एक्स्पायर झाली' असा एरर आला की लोक सरळ सेटिंगमध्ये ट्रस्टेड=येस टाकून मोकळे होतात, त्याने सही तपासणंच बंद पडतं. फक्त चेक-व्हॅलिड-अंटिल फॉल्स करा, तेवढं पुरतं.