घोडदळाच्या तलवारीची प्रतिकृती घेताय? धार लावण्याआधी या चुका टाळा

सेबर, म्हणजे घोडदळाची तलवार, हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: धार कुठे लावून मिळेल? इंग्रजी घोडदळाची वाकडी सेबर असो की मराठा मुठीची तलवार, काठ चाचपून बघितला आणि तो बोथट निघाला की माणसाला फसल्यासारखं वाटतं. पण बोथट काठ हा दोष नव्हे. ब्रिटिश घोडदळाच्या तलवारीही शांततेच्या काळात बोथटच असत. मोहिमेवर निघायचा हुकूम आला की मगच त्यांना धार लावली जाई. प्रतिकृती घेणारा फसतो तो पोलादात आणि मुठीच्या आत, आणि तिथे बघायचं मात्र बहुतेकांच्या मनातही येत नाही.

‘कायद्याचं नंतर बघू’

मुंबईत राहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत बंदुकांखेरीजच्या शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला ही सगळी त्यात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली आहेत. खेळणीही वगळलेली आहेत, पण जी खऱ्या शस्त्रात बदलता येणार नाहीत तेवढीच. गोम इथेच आहे. कार्बन पोलादाची बोथट सेबर एका दुपारच्या मेहनतीत धारदार होऊ शकते. त्यामुळे दुकानदाराने बिलावर ‘शोपीस’ लिहून दिलं म्हणून तुम्ही सुटलात असं होत नाही. मुंबईत परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. विकत घेण्याआधी तिथे विचारून घ्या आणि बिल जपून ठेवा.

दुसरा भाग रस्त्यावरचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगणं हाच गुन्हा ठरतो, मग ती बोथट का असेना. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पाडव्याच्या शोभायात्रेत तलवार न्यायची असेल तर आयोजकांनी पोलिसांची परवानगी घेतली आहे का, हे आधी विचारा. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तलवार लोकलमधून घरी आणू नका.

माझं मत स्पष्ट आहे. भिंतीसाठी, नाटकासाठी किंवा देखाव्यासाठी घेतलेल्या तलवारीला धार लावूच नये. खाली धारेबद्दल जे लिहिलं आहे ते परवाना हातात असलेल्यांसाठी.

चकाकी बघून घेणं

आरशासारखं चकाकणारं पातं बहुधा स्टेनलेस असतं. चाकूला ते चालतं, लांब पात्याला नाही. स्टेनलेसची तलवार भिंतीवर लावायला उत्तम, पण तिने काही तोडायला गेलात तर मुठीजवळ मोडू शकते आणि मोडलेलं पातं कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. वापरायची प्रतिकृती हवी असेल तर १०५५, १०६०, १०७५ यांसारख्या नंबरचं कार्बन पोलाद किंवा ईएन-४५ हे स्प्रिंगचं पोलाद मागा. त्याला पाणी दिलंय का, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केलंय का, आणि नंतर ताव उतरवलाय का, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवलाय का, हेही विचारा. पाणी न दिलेलं पोलाद वाकलं की वाकलेलंच राहतं. विक्रेत्याला पोलादाचं नाव सांगता येत नसेल तर ती तलवार भिंतीसाठीच आहे असं समजा.

पोलादाहून महत्त्वाचा आहे टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. स्वस्त प्रतिकृतीत पातं मुठीपाशीच संपतं आणि त्याला बारीक आटेदार सळई वेल्डिंग करून जोडलेली असते. मूठ न उघडताही याचा अंदाज येतो. मुठीचा शेवट नीट बघा. टँग आरपार आणून टोकाला ठोकून रिव्हेट केला असेल तर तिथे धातूचा चपटा ठिपका दिसतो. तिथे नट दिसला तर आत काय आहे ते विचारा. मग मूठ सैल हातात धरून पात्याच्या सपाट बाजूवर तळव्याने थाप मारा. थरथर मुठीतून किणकिणत आली तर आत काहीतरी सैल आहे. अशा तलवारीला धार लावणं म्हणजे धोका वाढवणं.

वजन आणि आकार

ब्रिटिश हलक्या घोडदळाची १७९६ ची सेबर ही सगळ्यात जास्त नक्कल होणारी तलवार. तिचा आराखडा जॉन गॅस्पर्ड ल मार्शां या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याचा. पातं सुमारे ३३ इंच, वजन किलोच्या आतबाहेर. अस्सल पात्याची जाडी मुठीजवळ आठ-नऊ मिलिमीटर असते आणि टोकाकडे जाताना दोन-अडीचवर येते. म्हणूनच ती हातात हलकी वाटते. प्रतिकृतीत बऱ्याचदा एकाच जाडीची पट्टी कापून वाकवलेली असते, मग टोक जड होतं आणि मनगट दुखतं. व्हर्नियर कॅलिपर घेऊन तीन ठिकाणी माप घ्या: मुठीशी, मध्यावर, टोकाआधी चार बोटं. मापं सारखीच आली तर दुकानदाराने कितीही इतिहास ऐकवला तरी पुढच्या दुकानात जा.

‘सरळ पातं म्हणजे घोडदळाचं नाही’ हाही गैरसमज. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत आली. तिचं पातं युरोपीय बनावटीचं, सरळ आणि एकधारी आहे. ब्रिटिशांची १९०८ ची घोडदळ तलवारही सरळच, आणि ती फक्त भोसकण्यासाठी घडवलेली. तिच्या प्रतिकृतीला काठभर धार लावायचा हट्ट धरला तर मेहनत वाया जातेच, शिवाय तलवारीचं रूपही बिघडतं. खरेदीआधी काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन बघून या. १५८१ सालचं अकबराचं चिलखत तिथे आहे, पण तुम्ही पात्यांच्या कडा आणि मुठींची बांधणी बघा. डोळ्याला एकदा सवय झाली की नक्कल लगेच ओळखू येते.

चोर बाजारात ‘१८५७ ची अस्सल’ म्हणून दाखवली जाणारी तलवार हातात घ्याल तेव्हा आधी स्क्रू बघा. चौफुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. पितळी परजेच्या, म्हणजे हाताचं रक्षण करणाऱ्या मुठीवरच्या भागाच्या, आतल्या बाजूला साच्याची शिवण राहिली आहे का, गंज कोरलेल्या अक्षरांच्या आत-बाहेर एकसारखा चढलाय का, हेही पाहा. अ‍ॅसिडने आणलेलं म्हातारपण सगळीकडे सारखंच दिसतं. आणि समजा तलवार खरोखर जुनी निघाली, तर शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. तिला कानस किंवा ग्राइंडर लावणं तर पापच.

धार लावताना

पहिली चूक बेंच ग्राइंडर. काठ पातळ असतो आणि तो क्षणात तापतो. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. कडक ठेवलेलं पातं तिथेच मऊ पडतं. स्प्रिंगच्या पोलादाला थोडी सवलत असते, पण निळ्याचा करडा व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा मऊ पडलेला काठ घासून पुन्हा कडक होत नाही. गल्लीत सायकलचं चाक फिरवून धार लावणारे कात्री-सुरीला चांगली धार लावतात, पण त्यांचं चाक लहान असतं. तेहतीस इंची वाकड्या पात्यावर त्याने लाटा पडतात. शिवाय तलवार रस्त्यावर न्यायची नाही, हे वर आलंच आहे.

काम हातानेच करा. जाड टेबलावर रबराची चटई घाला, पातं आडवं ठेवा, काठ टेबलाबाहेर बोटभर येऊ द्या आणि लाकडाचे तुकडे मध्ये घालून दोन क्लॅम्प आवळा. जिथे काम चालू नाही तिथल्या काठावर जाड टेप लावा. हातात चामड्याचे मोजे घाला. पातं स्थिर राहील, हलेल ती कानस आणि दगड.

नव्या प्रतिकृतीचा काठ एक ते दोन मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे थेट दगड घेतलात तर महिनाभर घासत बसाल. आधी बारीक दातांची सपाट कानस दोन्ही हातांत आडवी धरा आणि पात्याच्या लांबीने ओढा. नागदेवी स्ट्रीटवर हवी तशी कानस आणि हव्या त्या नंबरचा पॉलिश पेपर मिळतो. दोन्ही बाजूंनी सारखंच धातू काढा, नाहीतर काठ मध्यरेषेवरून सरकतो. कोन प्रत्येक बाजूला २० ते २५ अंश ठेवा. स्वयंपाकघरातल्या सुरीचा बारीक कोन इथे नको, पहिल्याच टणक आघाताला काठ दुमडतो. मुठीकडचा एक तृतीयांश भाग बोथटच ठेवा.

कोन टिकतोय का हे कळायला काठाच्या पट्टीवर काळा मार्कर फिरवा आणि दगड चार वेळा चालवून थांबा. शाई अगदी काठाशी शिल्लक राहिली तर दगड फार आडवा पडतोय. फक्त काठाशीच गेली तर तो फार उभा धरलाय. शाई पूर्ण पट्टीवरून सारखी निघाली की हात बसला म्हणायचं. मग ४००, ८००, १००० नंबरचे दगड असं बारीक होत चढत जा. दर टप्प्यावर विरुद्ध बाजूला ‘बर’ येते, म्हणजे धातूची बारीक किनार. अंगठा पाठीकडून काठाकडे हलकेच आणला तर ती खरखरीत लागते. काठाच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका.

धार लागली, पण काहीतरी चुकतंय

धार पहिल्या वापरातच गेली तर बहुतेकदा ती धार नव्हतीच, न काढलेली बर होती. दोन्ही बाजूंना आलटून-पालटून हलके हात द्या आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढा. तरीही टिकत नसेल तर पोलाद मऊ आहे. कानस काठावर जराही न घसरता खोल चावत असेल तर पाणी नीट दिलेलं नाही, आणि घरी त्यावर इलाज नाही.

मूठ खुळखुळू लागली तर फटीत फेविक्विक ओतू नका. पावसाळ्यात फुगलेलं मुठीचं लाकूड एसीच्या खोलीत आकसतं, त्यातून ही ढिलाई येते. रिव्हेटची मूठ जाणत्या कारागिराकडून पुन्हा ठोकून घ्या, नटाची असेल तर नट आवळा. तोवर तलवार फिरवू नका.

म्यानातून काढ-घाल करताना धार बोथट होत असेल तर दोष म्यानाचा. ब्रिटिश घोडदळाचा कॅप्टन नोलन, जो १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या हल्ल्यात मारला गेला, त्याने हैदराबादच्या निजामाच्या स्वारांबद्दल लिहून ठेवलंय. त्यांच्या तलवारी इतक्या खोल कापत की त्याला त्यांचं रहस्य हवं होतं. बघितलं तर पाती ब्रिटिशांनीच टाकून दिलेली जुनी होती. स्वारांनी ती परजून लाकडी म्यानात ठेवली होती आणि लढाईखेरीज ते ती उपसत नसत. ब्रिटिशांची म्यानं लोखंडी होती, ती धार खात. तुमच्या प्रतिकृतीसोबत लोखंडी म्यान आलं असेल तर ते भिंतीवर लावा आणि पात्यासाठी लाकडी करून घ्या.

चामड्याच्या म्यानात तर पावसाळाभर पातं ठेवूच नका. चामडं ओल धरतं, पितळेवर हिरवट थर येतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत पात्यावर तांबूस ठिपके उमटतात. ठिपके ताजे असतील तर तेलात भिजवलेला १००० नंबरचा पॉलिश पेपर पात्याच्या लांबीने फिरवला की जातात. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि खवट वास मारतं. शिलाई मशीनचं पातळ तेल सुती कपड्यावर घेऊन पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी पात्याला हात लावू नका, घामाने तिथेच पुन्हा गंज धरतो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुन्हा तेल द्या आणि पातं म्यानाबाहेर, कपड्यात गुंडाळून, कुलपात ठेवा.