आधी पानं मोजा: जुन्या अमेरिकन कॉमिक्सच्या संग्रहातली माझी चौदा वर्षं

२०१२ च्या जुलैत ओहायोतल्या एका कॉमिक मेळाव्यात मी ‘द इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक घेतला. नोव्हेंबर १९७४ चा अंक, छापील किंमत २५ सेंट. १८० व्या अंकाच्या शेवटच्या पानावर वुल्व्हरिन, हा पुढे फार गाजलेला नायक, नुसता डोकावून जातो; १८१ मध्ये तो पहिल्यांदा अख्ख्या कथेत आहे. म्हणून या अंकावर उड्या पडतात. मुखपृष्ठ चकचकीत होतं, कणा सरळ, पिनांना गंज नाही. मी ६५० डॉलर मोजले.

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून कोरडं केलं, अंक पिशवीतून काढला आणि एकेक पान उलटायला लागले. वाचकांच्या पत्रांचं पान आलं. त्या पानाला एक छोटी चौकोनी खिडकी होती आणि तिच्यातून पुढचं पान दिसत होतं. कडा अगदी सरळ, कात्रीनं जपून कापलेल्या.

हा अंक निघाला त्या वर्षी, १९७४ मध्ये, प्रकाशक मार्व्हलनं आपल्या अंकांत ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापायला सुरुवात केली होती. मुलांनी ही तिकिटाएवढी चित्रं कापायची आणि वहीत चिकटवून संच पुरा करायचा. १८१ मधलं चित्र शॅना द शी-डेव्हिलचं. कुणा मुलानं ते हौसेनं कापलं. अंक त्याचा होता, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण बाजारात तो अंक अपुरा ठरतो आणि त्याचा भाव निम्म्याच्याही खाली जातो. विक्रेत्याला फोन केला. ‘उघडून बघायला मी नाही म्हटलं नव्हतं,’ एवढंच तो म्हणाला.

इकडे नोकरीला आलेली मराठी मंडळी मला विचारतात, ‘ताई, हजार डॉलर बाजूला पडलेत, कुठला अंक घेऊ?’ त्यांना मी अंकाचं नाव सांगत नाही. पानं मोजायला सांगते. त्या काळच्या नेहमीच्या अंकात मुखपृष्ठ सोडून ३२ पानं असतात, आणि जाहिरातींची पानंही त्यातच धरायची. कूपन कापलंय का ते बघा. अंक बरोबर मधोमध उघडा आणि मधलं जोडपान दोन्ही पिनांना धरून आहे का ते बघा. वरच्या पिनेतून सुटलेलं असेल तर बाहेरून कळतसुद्धा नाही. मग अंक नाकाशी न्या. तळघरातल्या ओलीचा वास एकदा बसला की जात नाही.

त्यानंतर दिव्याखाली अंक तिरपा धरा. कण्यालगत बारीक आडव्या रेघा दिसतील. रेघ नुसती दबलेली असेल तर एक गोष्ट, रंग उडून पांढरी झाली असेल तर दुसरी, आणि किमतीतला फरक तिथेच पडतो. काळं किंवा गडद लाल मुखपृष्ठ असेल तर आणखी सावध राहा. उडालेला रंग कुणीतरी मार्करनं भरलेला असू शकतो. मुखपृष्ठ उलटून आतली पांढरी बाजू बघितली की झिरपलेली शाई दिसते. मार्व्हलच्या १९६० च्या आसपासच्या अंकांच्या कडा छापखान्यात नीट कापल्या जायच्या नाहीत, त्यामुळे त्यांचे बारीक तुकडे पडलेले असतात. त्या काळातल्या अंकाची कड वस्तऱ्यानं कापल्यासारखी साफ असेल तर पट्टी लावून रुंदी मोजा. कड नंतर छाटलेली असेल तर तो अंक ‘दुरुस्त केलेला’ धरतात.

हे सगळं शिकायला महागडे अंक लागत नाहीत. मेळाव्यात डॉलर-दोन डॉलरची खोकी असतात. तिथून सत्तरच्या दशकातले वीस अंक उचला, घरी त्यांना स्वतः ग्रेड, म्हणजे अवस्थेचे गुण, द्या, कागदावर लिहून ठेवा आणि महिन्यानं पुन्हा द्या. माझे पहिल्या वर्षीचे आकडे दर वेळी एका पायरीनं तरी जास्त यायचे. आवडत्या अंकाचे दोष डोळा झाकतो, ही सवय मोडायला वेळ लागतो.

ग्रेड म्हणजे ०.५ पासून १० पर्यंतचा आकडा. फ्लोरिडातल्या सरासोटाची सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देते. या बंद डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. निळं लेबल म्हणजे नेहमीची ग्रेड, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेला अंक, पिवळं म्हणजे कंपनीच्या माणसासमोर घेतलेली सही, आणि हिरवं म्हणजे ग्रेड चांगली पण एक मोठा दोष आहे. माझा हल्क हिरव्या लेबलचा. लेबलवर कागदाचा रंगही लिहिलेला असतो, पांढरा, मळकट पांढरा, पिवळसर वगैरे, आणि तो लोक वाचत नाहीत. ९.४ ग्रेडचे दोन अंक शेजारी ठेवले तर पांढऱ्या पानांचा मी आधी उचलते. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवून बघा, कारण बनावट डब्याही फिरतात.

९.६ आणि ९.८ मधला फरक सामान्य माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, तरी कित्येक अंकांच्या किमतीत तो दुपटीहून जास्त असतो. नवख्यानं या टोकाला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तोच अंक ९.० किंवा ९.२ मध्ये देखणा असतो आणि उरलेल्या पैशांत दुसरा एक येतो.

चांगल्या अवस्थेतले जुने अंक इतके दुर्मीळ का, हे कळलं की किमतींचं कोडं सुटतं. हा माल जपायचा म्हणून कुणी छापलाच नव्हता. स्वस्त न्यूजप्रिंटमध्ये आम्ल असतं, ते कागदाला आतूनच खातं. मुलं अंक गुंडाळून मागच्या खिशात कोंबायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा झाल्या, त्यात ढिगानं कॉमिक्स लगद्यात गेली. रद्दीचं दुःख मला ठाऊक आहे. सांगलीला आमच्या घरातला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा, सगळे वेताळ आणि बहादूर, एका दिवाळीच्या साफसफाईत तराजूवर गेला.

याच्या उलट कोलोरॅडोतल्या एडगर चर्च यांचा संग्रह. १९७७ मध्ये चक रोझान्स्की यांनी तो विकत घेतला तेव्हा त्यात १८ ते २२ हजार अंक होते. कोरडी हवा, अंधारी जागा, एकावर एक रचलेले उंच गठ्ठे. त्या वजनानं अंक सपाट राहिले आणि पानांपर्यंत हवा पोचली नाही. आजही या संग्रहाचं ‘माइल हाय’ हे नाव लेबलवर आलं की बोली वर चढते. आपणही घरी तेच करायचं. मायलर या टिकाऊ प्लॅस्टिकची पिशवी, आम्लमुक्त पुठ्ठा, उभी खोकी. माळा नको आणि तळघरही नको, राहत्या खोलीतलं आतलं कपाट बरं. पुठ्ठे काही वर्षांनी बदलायचे.

दुर्मीळतेची दुसरी बाजू बघायची तर १९९१ चा ‘एक्स-मेन’ अंक १ घ्या. दुकानांकडे ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आज तो खोक्यात चार-पाच डॉलरला मिळतो.

लिलावाच्या मोठ्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. स्पायडरमॅनचा पहिला अंक, ऑगस्ट १९६२ चा ‘अमेझिंग फँटसी’ १५, छापील किंमत १२ सेंट, त्याची ९.६ ग्रेडची प्रत डॅलसच्या हेरिटेज लिलावगृहात सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. सुपरमॅनचा पहिला अंक, १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ १, एप्रिल २०२४ मध्ये ८.५ ग्रेडला ६० लाख. या आकड्यांवरून आपल्या अंकाबद्दल काही कळत नाही. आपला अंक, आपलीच ग्रेड, गेल्या सहा महिन्यांतली विक्री, एवढंच बघायचं. मोठ्या लिलावगृहांचे जुने भाव नाव नोंदवलं की बघता येतात. सीजीसीच्या ‘सेन्सस’मध्ये त्या ग्रेडच्या किती प्रती आहेत तेही दिसतं.

मी स्वतः २०२१ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १२९ विकला. फेब्रुवारी १९७४ चा, पनिशर पहिल्यांदा येतो तो अंक, ग्रेड ९.४. पाठवण्याआधी तो प्रेस करून घेतला होता, म्हणजे उष्णता आणि दाबानं मुखपृष्ठावरच्या दबलेल्या खुणा काढल्या. याला दुरुस्ती धरत नाहीत. रविवारी संध्याकाळी लिलाव होता. आठवडाभर बोली ११०० वर अडकून होती आणि मला झोप नव्हती. शेवटच्या दोन मिनिटांत दोघे भिडले आणि साइटवर ३६०० डॉलर दिसले.

माझ्या हातात आले २७००. साइटवरच्या किमतीत घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं तो अधिभार, माझ्या वेळी २० टक्के, धरलेला असतो. म्हणजे खरी बोली ३०००. त्यातून माझ्याकडची १० टक्के दलाली गेली. ग्रेडिंग, प्रेसिंग, विम्याचं पार्सल हा खर्च मी आधीच केला होता. नफ्यावर करही आहे: वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूवर इथे २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो, तेव्हा खरेदीची पावती फेकू नका. विकायला देताना दलालीचा आकडा मागून घ्या, महाग अंक असेल तर घासाघीस करा. आणि किमान किंमत लावता येते का हे सही करण्याआधी विचारा, कारण स्वस्त अंकांना ती बहुतेक लावू देत नाहीत आणि दोनच जण आले तर अंक पाण्याच्या भावानं जातो. त्या वर्षी बाजार फार चढला होता; पुढे पुष्कळ अंकांचे भाव उतरले आणि १२९ चाही उतरला.

घेताना उलट हिशोब. मनातला आकडा अधिभार धरून ठरवायचा. अधिभार २० टक्के आणि हजार डॉलरच असतील तर बोली ८३० च्या पुढे न्यायची नाही, आणि विक्रीकर, टपाल त्यातच बसवायचं तर आणखी खाली थांबायचं. मी तो आकडा कागदावर लिहून संगणकाला चिकटवते, आदल्या दिवशीच कमाल बोली टाकते आणि त्या संध्याकाळी बाहेर पडते.

विक्रीचे पैसे लिलावानंतर लगेच येत नाहीत, दीड-दोन महिने जातात. तोवर त्या पैशांच्या भरवशावर दुसऱ्या अंकावर बोली लावू नका.