पऱ्यांचे दोन दरबार आणि एक प्रेम: किशोरवयीन वाचकांसाठी फँटसी प्रेमकथा कशी लिहावी

मराठीत ‘परी’ हा शब्द उच्चारला की शुभ्र पंखांची, हातात चमकती छडी घेतलेली, मुलांच्या इच्छा पुऱ्या करणारी एक गोजिरी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. दोन दरबारांच्या वैरातून फुलणारी प्रेमकथा लिहू पाहणाऱ्याने सर्वप्रथम ही आकृती बाजूला ठेवावी. हा कथाप्रकार ज्या लोककथांवर उभा आहे त्या स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या आहेत. त्यांतला परीलोक बहुतेकदा माणसाएवढ्या उंचीचा, टेकड्यांच्या पोटात राहणारा, रात्री घोड्यांवरून मिरवत निघणारा आणि मुख्य म्हणजे धाक वाटावा असा आहे. लोक त्यांचे नाव थेट घेत नसत. कानावर गेले तर राग येईल, म्हणून ‘भले शेजारी’ किंवा ‘भली माणसे’ असे म्हणत. ज्याला भला म्हणायचे तेच मुळी भीतीपोटी, अशा कुणावर तरी सतरा वर्षांच्या मुलीचा जीव जडतो, ही या कथेची खरी ठिणगी आहे. वाचकाला आधी तो धाक जाणवला नाही, तर पुढच्या प्रेमाला वजन येत नाही.

भाषेची एक अडचण सुरुवातीलाच सोडवून घ्यावी. मराठीत परी स्त्रीलिंगी आहे आणि आपला नायक तर परीलोकातला तरुण आहे. अनेकांना इथे यक्ष किंवा गंधर्व हे शब्द वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा असे मला वाटते, कारण ते शब्द आपापली पुराणे सोबत घेऊन येतात आणि वाचक नकळत दुसऱ्याच जगात जाऊन बसतो. ‘परीलोकातला’, ‘टेकडीतला’, ‘दरबारी’, ‘स्वार’ असे साधे शब्द पुरेसे आहेत. कथेतल्या गावकऱ्यांच्या तोंडी ‘शेजारी’ हा एकच शब्द घातला, तरी तो दोन-तीन प्रकरणांत पुरेसा भीतिदायक होतो.

आता दरबार. स्कॉटिश परंपरेत सीली आणि अनसीली असे दोन गट सांगितले जातात. सीली या शब्दाचा अर्थ सुखी, सुदैवी, कृपावंत असा आहे, आणि अनसीली म्हणजे त्याच्या उलट. याचा अर्थ एक दरबार सज्जनांचा आणि दुसरा दुर्जनांचा, असा लावणे ही या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे. सीली मंडळी माणसांना मदत करतात खरी, पण अपमान झाला तर सूड उगवल्याशिवाय राहत नाहीत. अनसीली मंडळींना त्रास द्यायला कारणही लागत नाही, एवढाच फरक. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी एक दरबार उजेडाचा आणि दुसरा अंधाराचा केला होता. दीडशे पानांनंतर माझ्या लक्षात आले की नायिकेपुढे निवड करण्यासारखे काही उरलेलेच नाही. दोन्ही दरबारांत तिला हवेसे काहीतरी असले पाहिजे आणि दोन्हीकडे तिला न पेलणारी अशी एक गोष्ट असली पाहिजे.

वैराचे कारण जितके ठोस, तितके चांगले. ‘पिढ्यानपिढ्यांचे वैर’ एवढ्यावर भागवू नये. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराजा ओबेरॉन आणि राणी टिटानिया यांचे भांडण एका लहान मुलावरून होते, तो कुणाजवळ राहणार यावरून, आणि त्या एका हट्टापायी नद्या काठ सोडतात, उभे पीक कुजते, ऋतू आपले कपडे अदलाबदल केल्यासारखे वागू लागतात. भांडणाचे कारण मुठीत मावणारे आणि परिणाम मात्र शेतात, घरात, माणसांच्या ताटापर्यंत पोहोचणारे, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या कथेतले दोन दरबार नदीच्या एका उतारावरून, एका मुकुटावरून किंवा परत न केलेल्या पाहुण्यावरून भांडू शकतात. ते काहीही असो, ते डोळ्यांना दिसले पाहिजे आणि नायक-नायिकेच्या प्रेमामुळे त्याचा तोल बिघडला पाहिजे.

दरबार म्हणजे केवळ सिंहासन आणि नृत्य नव्हे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइल इथले धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी 1690 च्या दशकाच्या आरंभी परीलोकाविषयी जे लिहून ठेवले, त्यात या लोकांचे कुळांमध्ये विभागलेले जीवन, त्यांची लग्ने, दाया आणि दफनविधीसुद्धा येतात. म्हणून आपल्या दरबारातही कुणीतरी घोडे खरारा करणारे असावे, कुणी थकलेली दाई असावी, कुणाच्या मरणाचे सुतक असावे. नायिका दरबारात शिरते तेव्हा तिला राणीपेक्षा आधी मोतद्दार भेटला, तर ते जग वाचकाला जास्त लवकर खरे वाटते.

नियम मोजकेच घ्यावेत. लोखंडाचे वावडे, परीलोकातले अन्न खाल्ले की परतीची वाट बंद होणे, तिथल्या आणि इथल्या काळाचा वेग वेगळा असणे, खऱ्या नावात ताकद असणे, दिलेला शब्द मोडता न येणे, असे बरेच नियम परंपरेत आणि आजच्या कादंबऱ्यांत मिळतात. सगळे एकदम वापरले की वाचकाचा गोंधळ उडतो. तीन निवडावेत, पहिल्या चार प्रकरणांत ते घडताना दाखवावेत आणि मग लेखकानेसुद्धा ते मोडू नयेत.

या साऱ्यांत सर्वाधिक कष्ट घ्यावेत ते सौद्यावर, कारण प्रेमकथेचा ताण तिथूनच निर्माण होतो. सौद्याचे शब्द एका स्वतंत्र कागदावर अक्षरशः लिहून काढावेत आणि त्यांतली पळवाट आपल्याला आधी ठाऊक असावी. उदाहरणार्थ, धाकट्या भावाच्या सुटकेसाठी मोराग नावाची मुलगी अनसीली राणीला शब्द देते: “पहिला बर्फ पडेपर्यंत मी या दरबाराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.” राणी समाधानाने हसते. शंभर पानांनंतर मोरागला बाहेर पडणे भाग असते आणि बर्फाला अजून अवकाश असतो. तेव्हा सीली दरबाराचा स्वार, ज्याच्यावर विश्वास ठेवू नये असे तिला सगळ्यांनी बजावले आहे, उंबरठ्याच्या आत घोडा आणतो आणि खाली वाकून हात पुढे करतो. पाऊल टाकायचे नाही, हा तिचा शब्द होता. उचलून नेले जाण्याविषयी तो काहीच बोलत नाही. मात्र त्यासाठी तिला शत्रूच्या हातांत स्वतःला सोपवावे लागते, आणि घोडा पलीकडच्या जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याने तिला निसटू दिले तर सगळेच संपते. सुटका, धोका आणि जवळीक या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यातून निघाल्या. पळवाट शोधताना ती केवळ चतुराईची न राहता दोघांना एकमेकांच्या जवळ आणणारी कशी होईल, हे पाहावे.

परीलोकाला खोटे बोलता येत नाही, हा आजच्या कादंबऱ्यांत चांगला रुळलेला नियम संवादलेखनासाठी वरदान आहे. खोटे बोलता येत नाही, पण उत्तर टाळता येते. मोराग विचारते, “तुम्ही मला परत जाऊ द्याल?” स्वार म्हणतो, “तुम्हाला अडवण्याची माझी इच्छा नाही.” हे खरे आहे आणि हे उत्तर नाही. पहिल्यांदा मोराग फसते. दुसऱ्यांदा ती तोच प्रश्न असा विचारते की त्याला हो किंवा नाही एवढेच म्हणता यावे, आणि तो गप्प राहतो. अशी दहा-बारा टाळाटाळीची उत्तरे कादंबरीभर पेरली, तर शेवटी तो विचारल्याक्षणी नुसते “हो” म्हणतो तेव्हा त्या एका शब्दाला प्रेमाच्या कबुलीचे मोल येते. “माझे तुझ्यावर प्रेम आहे” हे वाक्य मग लिहिले नाही तरी चालते, किंबहुना लिहू नये असेच मी सुचवीन.

मराठीत लिहिणाऱ्याजवळ इथे आणखी एक साधन आहे. आपण, तुम्ही आणि तू. दरबारात राणीला आपण, दोन वैऱ्यांमध्ये जपून वापरलेले तुम्ही, आणि मग एका विशिष्ट क्षणी तोंडून निसटलेला तू. हा बदल कोण आधी करतो, कुठे करतो आणि समोरचा तो ऐकल्याचे दाखवतो की नाही, हे आधी ठरवून घ्यावे. माझ्या मते तो क्षण चंद्रप्रकाशातल्या नाचात ठेवू नये, तो घाईत, धोक्यात यावा, “खाली वाक!” असा, आणि नंतर दोघांनीही त्याविषयी काही बोलू नये. पुढच्या प्रसंगात स्वार पुन्हा तुम्हीवर येतो आणि मोरागला ते लागते, एवढे दाखवले की वाचकाला सारे समजते. त्याचप्रमाणे खरे नावही राखून ठेवावे. ती त्याला स्वार म्हणते ते त्याने नाव दिलेले नाही म्हणून. नाव देणे म्हणजे आपली दोरी तिच्या हातात देणे, हे वाचकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

आता एका गंभीर बाबीविषयी. वाचक बारा ते अठरा वर्षांचे आहेत. तीनशे वर्षांचा, सर्व काही पाहिलेला नायक आणि सतरा वर्षांची मुलगी यांच्यात बरोबरी नसते, आणि ही विषमता रम्य म्हणून रंगवू नये. परीलोकाच्या हिशेबातही तो पोरसवदाच असावा, त्यालाही दरबारात कुणी विचारत नसावे, त्याच्याही हातून पहिल्यांदाच चुका होत असाव्यात. दुसरे म्हणजे भूल. ‘ग्लॅमर’ हा शब्द मूळचा स्कॉटिश असून त्याचा जुना अर्थ नजरबंदी, मोहिनी असा आहे. मोहिनी घालून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. ज्या प्रसंगात नायिका पहिल्यांदा त्याचा हात आपणहून धरते, त्या प्रसंगात तिच्यावर कोणतीही भूल नाही याची खात्री वाचकाला पटेल अशी सोय करावी. तिच्या मुठीत लोखंडाचा खिळा ठेवला तरी पुरे. तो खिळा त्याला पोळतो आणि तरीही तो हात मागे घेत नाही, हे मग आपोआप लिहिले जाते.

उत्कर्षबिंदूसाठी टॅम लिनचे स्कॉटिश लोकगीत वारंवार वाचावे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या 305 लोकगीतांच्या संग्रहात ते 39 व्या क्रमांकावर आहे. टॅम लिन हा परीराणीने पळवून नेलेला माणूस. परीलोक दर सात वर्षांनी नरकाला एक बळी देतो, आणि यंदा आपली पाळी येईल अशी भीती टॅम लिनला वाटते आहे. त्याची प्रेयसी जॅनेट हॅलोवीनच्या रात्री वाटेवर दबा धरून बसते, काळा घोडा जाऊ देते, तपकिरी जाऊ देते, आणि पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला खाली ओढते. मग तिच्या मिठीत तो साप होतो, हिंस्र पशू होतो, तापलेले लोखंड होतो, आणि तिने फक्त सोडायचे नसते. राणीला ती तलवारीने जिंकत नाही. तिच्याजवळ कोणतीही जादू नाही, केवळ न सुटणारे हात आहेत. आपल्या कथेतही शेवटची परीक्षा नायिकेने अशाच एखाद्या सोसण्याच्या कृतीने पार करावी. अखेरच्या प्रकरणात अचानक तिच्या अंगी गुप्त शक्ती जागी झाली, तर आधीची सगळी पाने वाया जातात. राणीचा पराभवही पूर्ण असू नये. त्या गीतात ती जाता जाता टॅम लिनला म्हणते की हे असे होणार हे ठाऊक असते, तर मी तुझे डोळे काढून तिथे लाकडाचे बसवले असते. एवढा राग मागे उरला की दरबार पुढेही जिवंत राहतो.

शेवटच्या खर्ड्यावर हात फिरवताना परीलोकातल्या प्रत्येक पात्राची वाक्ये वेगळी काढून वाचावीत आणि त्यांत एकही असत्य नाही ना, हे पाहावे. मला असे करताना नवव्या प्रकरणात एका मोतद्दाराचे “मला काही ठाऊक नाही” हे वाक्य सापडले, आणि त्याला तर सगळेच ठाऊक होते. ते बदलून मी “मला विचारू नका” असे केले. त्याबरोबर नायिका थबकली, त्याच्याकडे वळून पाहू लागली, आणि तो काय लपवतो आहे हे शोधायला मला तीन नवी प्रकरणे लिहावी लागली.