साध्या टेक्स्ट फाइलमधून अभंगांची छापील पुस्तिका

आमच्या भजनी मंडळाचे अभंग नोटपॅडमध्ये टाइप केलेले होते. त्यांची नेटकी पुस्तिका हवी होती, म्हणून पॅनडॉक वापरलं; ते एका प्रकारच्या फाइलमधून दुसऱ्या प्रकारची फाइल बनवतं. जॉन मॅकफार्लेन यांनी 2006 साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

पहिली पीडीएफ बनलीच नाही. पॅनडॉक पीडीएफसाठी आपणहून पीडीएफलाटेक हे इंजिन (पानं जुळवून पीडीएफ तयार करणारा प्रोग्रॅम) वापरतं आणि त्याला देवनागरी पेलवत नाही. ते बदलून झीलाटेक हे दुसरं इंजिन घेतलं आणि मुख्य फॉन्ट म्हणून नोटो सेरिफ देवनागरी दिला. अक्षरं उमटली, पण ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’च्या मागे गेली आणि ‘ठ्ठ’ सुटा पडला. पांडुरंगाचंच नाव असं मोडलेलं बघवेना! फॉन्टच्या पर्यायांत ‘स्क्रिप्ट’ देवनागरी आहे असं स्पष्ट लिहिलं, की जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. मराठीसाठी ही सेटिंग सगळ्यात मोलाची.

दुसरी अडचण ओळींची. पॅनडॉक आमची फाइल मार्कडाउन (साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी सांगायची पद्धत) म्हणून वाचतं, आणि त्यात नुसतं एंटर मारून ओळ तुटत नाही; अख्खा अभंग एका परिच्छेदात गोळा होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चरणाआधी एक उभी रेघ आणि एक स्पेस. मग चरण जसेच्या तसे राहतात. शेकडो ओळींना हे हाताने करत बसू नका, एडिटरच्या शोधा-बदला सोयीने होतं.

कागद ए5 ठेवला. पानं मधोमध दुमडून पिन मारायची असेल तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत. उरलेल्या पानांवर आम्ही आरत्या घेतल्या.