बायोप्सी सांगितली की त्याच दिवशी कागदांना लागा

२०२४ च्या जानेवारीअखेर ब्रिटनचे राजे चार्ल्स प्रोस्टेटच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाले. ५ फेब्रुवारीला त्यांना कॅन्सर असल्याचं जाहीर झालं, तेव्हा उपचार सुरूही झाले होते. पुण्यात साध्या घरातल्या माणसाचे तेवढेच दिवस दाखले जमवण्यात जातात, आणि गाठ तोवर वाढत राहते. हे दिवस वाचवता येतात.

रिपोर्टची वाट बघू नका. बायोप्सी सांगितली त्याच दिवशी तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करा. रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, किंवा रेशनकार्डावर रुग्णाचं नावच नाही. बरेच अर्ज इथेच अडतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालय योजनेत आहे, एवढ्यावर विसंबू नका. ‘कॅन्सरसाठी अंगीकृत (योजनेत मान्यता असलेलं) आहे का? केमो, रेडिएशन, ऑपरेशन, तिन्ही?’ असं आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, थेट विचारा. योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. म्हणून नोंदणी आधी, केमो नंतर. हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय गाठा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत (३,६०,००० पर्यंत) राखीव असतात. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने बांधलेली जबाबदारी आहे. बिलाच्या खिडकीवर विचारू नका, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. ‘खाट नाही’ हे तोंडी ऐकून परतू नका, तेही लिहून मागा. पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तर हेच कागद कामी येतात.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे काढलेला तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात तो. परळच्या टाटाला दुसरं मत घ्यायला गेलात तर रिपोर्टसोबत स्लाइड्स (त्याच तुकड्याचे काचपट्टीवरचे पातळ काप) आणि ब्लॉकही मागतात. लॅबमधून घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, ते तिथेच उभं राहून बघा. स्लाइड्स कागदात गुंडाळू नका, तडकतात. प्लॅस्टिकच्या डबीत मागून घ्या. आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मेण मऊ पडतं.